आधी गुडघा मोज

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

उंची सहा फूट दोन इंच, हातात अजून कच्चं लायसन्स आणि डोक्यात स्पोर्ट्स बाईक. पत्रात तुझा पहिलाच प्रश्न आहे, "सीट किती उंचीची घेऊ?" तो तूर्त बाजूला ठेव. सीटची उंची बुटक्या माणसाला बघावी लागते. तुझे पाय कुठल्याही गाडीवर जमिनीला टेकणारच. तू बघायचंस ते सीटपासून फूटरेस्टपर्यंतचं अंतर.

स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर उंच, यामाहा आर१५ ची ८१५. तरीही गुडघा जास्त मुडपतो तो आर१५ वर, कारण तिचे फूटरेस्ट वर आणि मागे नेलेले असतात. म्हणून टेप घे आणि घरच्या गाडीवर सीटच्या सगळ्यात खोल जागेपासून फूटरेस्टच्या मधोमध अंतर मोज. तेच माप शोरूममधल्या प्रत्येक गाडीवर घे. दोन आकडे शेजारी लिहिलेस की अर्धी निवड तिथेच होते.

उरलेली निवड बसून करायची. रोज घालणार तेच बूट घाल, हेल्मेटही बरोबर ने. या गाड्यांना मधला स्टँड नसतो, तेव्हा दोघांना गाडी सरळ धरायला सांग आणि दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून किमान वीस मिनिटं बस. सेल्समन घाई करेल, करू दे. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्याच गाड्या आवडतात.

बसल्यावर आधी गुडघा टाकीच्या खाचेत बसतो का बघ. तो खाचेच्या वर गेला किंवा फेअरिंगच्या (बाजूच्या प्लास्टिक आवरणाच्या) कडेला टेकला, तर ती गाडी सोड. मांड्यांनी टाकी आवळता आली नाही की ब्रेक मारल्यावर अंग पुढे घसरतं, सगळा भार मनगटांवर येतो, अर्ध्या तासात तळहात बधिर होतात. हात ताठ झाले की प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट हँडलला बसतो आणि गाडी डुलायला लागते. कोपर थोडं वाकलेलं राहायला हवं, आणि पोट व टाकी यांच्यात एक मूठ मावली पाहिजे. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळव. अंगठा टाकीत चिमटतो का? हँडल गुडघ्याला लागतं का? इथे फसलास तर बेळगावात गणपत गल्लीत किंवा खडे बाजारात गाडी वळवताना हमखास आडवी होशील. आरशात रस्त्याऐवजी स्वतःचं कोपर दिसतं का, तेही बघून घे.

आता नावं. सुझुकी जिक्सर एसएफ २५० (सीट ८०० मिमी, वजन १६१ किलो) आणि हिरो करिझ्मा एक्सएमआर (८१० मिमी, १६३.५ किलो) या दोन्हींवर बसून बघ. दोन्हींचं हँडल उंच आहे, त्यामुळे पाठ फार वाकत नाही. करिझ्माची पुढची काच वर-खालीही करता येते. पल्सर आरएस२०० याच जातीची. आर१५ हलकी आहे, वळायला फार गोड, पण तुझ्या मांडीच्या लांबीला ती अवघड जाईल असं मला वाटतं. केटीएम आरसी २०० तर बसूनच ठरव. कावासाकी निंजा ३०० ची सीट फक्त ७८० मिमी आणि वजन १७९ किलो. सीट एवढी खाली आणि फूटरेस्ट वर असले की गुडघा आणखी मुडपू शकतो, तेव्हा इथेही टेप लावच; आणि एवढं वजन शिकाऊ हातात नको. गाडी कुठलीही घे, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जागीच अडकू न देणारी सोय) दोन्ही चाकांना आहे का विचार. कायद्याला एका चाकाचं चालतं, तुला चालणार नाही.

गाडी आली की पहिल्याच दिवशी गिअरचा खटका बुटाप्रमाणे लावून घे. मोठा बूट फूटरेस्ट आणि खटक्याच्या मध्ये अडकतो आणि गिअर अर्धवट पडतो. खटक्याच्या दांडीवरचे दोन्ही लॉकनट सैल करून दांडी फिरवली की खटका वर-खाली होतो. त्यातला एक नट बहुधा उलट्या आट्याचा (घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सैल होणारा) असतो, जोर लावण्याआधी ते बघ. मागच्या ब्रेकचं पॅडलही तपास. त्यावर बूट सतत टेकत असेल तर पॅड घासत राहतात आणि डिस्क तापते.

नंतर मागचा शॉक. चाक अधांतरी राहील इतकं गाडीचं शेपूट, म्हणजे मागचा भाग, दोघांकडून उचलून घे. मागच्या एक्सलपासून शेपटावरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर लिही. मग पूर्ण कपडे, हेल्मेट घालून गाडीवर बस आणि पुन्हा मोज. फरक ३० ते ४० मिमी हवा. जास्त आला तर हुक पान्याने प्रीलोड (शॉकच्या स्प्रिंगचा ताण) एक खाच वाढवून परत मोज. शेपूट दबलेलं राहिलं की पुढचं चाक हलकं पडतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. सीटचा फोम इंचभर वाढवून घेतला तर गुडघा मोकळा होतो खरा, पण हँडल तेवढंच खाली जातं. म्हणून हे महिनाभर चालवल्यावरच. उंच काचेची घाईही करू नकोस. छातीवरचा वारा कधी कधी ती नेमका हेल्मेटवर आणून सोडते.

जुनी गाडी घ्यायची तर आपल्या भागात एमएच-०९ च्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गाड्या स्वस्तात समोर येतात. किंमत ठरवण्याआधी कागद माग. कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८, नाव बदलायला २९ आणि ३०, कर्जाचा बोजा असेल तर ३५. गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे राहणार म्हणजे नंबरही इथला घ्यावा लागतो आणि कर्नाटकचा कर भरावा लागतो. तो कर जमेस धरलास की स्वस्ताई बरीचशी उतरते. गाडीत बघायचं ते हे: हँडलची टोकं आणि फूटरेस्ट घासलेत का, पुढच्या शॉकच्या नळीवर तेल आहे का, हँडल मध्यावर अडकतं का (अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेलं), आणि हँडल जिथे थांबतं तिथला लोखंडी ठोकळा तुटलाय का. तो तुटलेला असेल तर गाडी जोरात आपटलेली आहे. पेंट कितीही चकचकीत असो, परत फिर.

रस्त्याचं एकच कळकळीने सांगतो. कारखान्यांचं ऊस गाळप सुरू झालं की निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणीकडे रात्री उसाच्या जोड ट्रॉल्या धावतात, आणि कितीकांना मागे लाल दिवा तर सोडच, रिफ्लेक्टरही नसतो. साठच्या वेगात कोरड्या रस्त्यावर थांबायला तुला ३५-४० मीटर लागतील. लाइट जेवढं दाखवतो त्याच्या आत थांबता येईल एवढाच वेग ठेव. वळणावर सांडलेलं वाडं (उसाचे शेंडे) आणि ट्रॅक्टरच्या टायरने रानातून आणलेला काळा चिखल, दोन्हींवर गाडी सरळ करून जा, झुकलेली असताना पुढचा ब्रेक धरू नकोस. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट पहिल्या पावसाळ्यात नकोच. त्याआधी वंटमुरी घाट दिवसाउजेडी वीस-पंचवीस वेळा चढ-उतर.

पक्कं लायसन्स होईपर्यंत टेस्ट राइड मिळणार नाही, पण टेप घेऊन बसायला कुणी अडवत नाही. या रविवारी शोरूम फिर आणि मापं कळव. पायाच्या बुटाचा नंबरही लिही.

तुझा,
काका