यूएसबी टाइप-सी केबल कोणती जोडलीय हे ऑपरेटिंग सिस्टीमला ओळखता येईल असं डिझाइन कसं करावं?

केबल स्वतः बोलली तरच ओळखता येते. मुक्या केबलला सिस्टीम काय विचारणार?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपात ड्रॉइंगांचा बॅकअप बाहेरच्या एसएसडीवर सेकंदाला जेमतेम ३८ मेगाबाइटनं चालला होता. एसएसडी १० गिगाबिटची, पोर्टही तसाच. लॅपटॉप जुना झाला, नवा घ्यायचा, असं मालकांचं ठरलेलं. केबल बघितली तर मोबाईल चार्जरची: दोन्हीकडं टाइप-सी, पण आत जास्त वेगाच्या तारांच्या जोड्याच नाहीत. त्यामुळं ४८० मेगाबिटवर अडकलेली. केबल बदला म्हटलं, तर उत्तर आलं, "तांबं ते तांबं की हो, त्यात काय ओळखायचंय?"

तर तांबं ते तांबं नसतं. प्लगमध्ये ई-मार्कर, म्हणजे केबलची ओळख सांगणारी चिप, असेल तर पोर्ट सांभाळणारा कंट्रोलर तिला व्हीकॉन या पिनेवरून वीज देतो आणि सीसी या बोलणीच्या तारेवरून 'डिस्कव्हर आयडेंटिटी', म्हणजे 'तू कोण', असं विचारतो. वेग किती, ३ अँपिअर की ५, हे उत्तरात येतं. बहुतेक लॅपटॉपांत हे बोलणं फर्मवेअर, म्हणजे चिपमधलाच प्रोग्राम, करतं. सिस्टीमपर्यंत ते यूसीएसआयमधून, म्हणजे फर्मवेअर आणि सिस्टीममधल्या ठरलेल्या दुव्यातून, पोचतं आणि केबलचा तपशील देणं तिथं ऐच्छिक आहे. म्हणून केबलचा तपशील देता येतो का हे आधी यूसीएसआयला विचारा, मग केबलचं विचारा. लिनक्समध्ये टाइप-सी क्लास, म्हणजे या पोर्टांची माहिती दाखवणारा भाग, २०१७ पासून आहे. माहिती आलीच तर 'पोर्ट०-केबल' फोल्डरात दिसते. फोल्डर नाही म्हणून 'केबल खराब' असं दाखवू नका. ३ अँपिअरच्या यूएसबी २ केबलला ई-मार्कर सक्तीचा नाहीच. 'माहीत नाही' ही वेगळी अवस्था ठेवा.

खरा उपयोगी इशारा दुसरीकडून मिळतो. यूएसबी ३ चं उपकरण ४८० वर जोडलं गेलं, तरी बीओएस डिस्क्रिप्टर या आपल्या माहितीच्या तक्त्यात खरी क्षमता सांगतं. ती आणि प्रत्यक्ष वेग ताडून बघा. वर्कशॉपातली केबल मुकी होती, पण एवढ्यानं सापडली असती आणि माझी वादावादीही वाचली असती.

अर्थात दोष हबचा किंवा पोर्टचाही असू शकतो. सीचा प्लग उलटा करून लावा. एकाच बाजूनं वेग मिळाला तर बहुधा पोर्टाच्या एका बाजूच्या पिना खराब आहेत किंवा त्यांत कचरा आहे. ई-मार्कर खोटंही बोलतो. आणि एका टोकाला जुना चौकोनी टाइप-ए प्लग असलेल्या ए-टू-सी केबलीतला रेझिस्टर फोनला किती वीज ओढायची ते सांगतो; तो ५६ किलोओहमऐवजी १० किलोओहमचा असेल तर फोन ३ अँपिअरपर्यंत ओढू बघतो, जुना पोर्ट तापतो, सिस्टीमला पत्ताच नाही. तिथं ब्रेकआउट बोर्ड (पिना बाहेर काढून देणारी पट्टी) लावून सीसी आणि व्हीबस (विजेची तार) यांच्यामध्ये मल्टिमीटरनंच मोजावं लागतं.