विंडोजचं सेटअप, मॅकचं ओढून टाकणं आणि उबंटूचं ॲप्ट

प्रश्न: विंडोज सोडून उबंटूवर आलोय. तिकडे सेटअप फाइल उतरवायची, नेक्स्ट नेक्स्ट करायचं की झालं. इथं सगळे म्हणतात ॲप्ट वापर, म्हणजे कमांड देऊन प्रोग्रॅम बसवायचं उबंटूचं साधन. मॅकवाला मित्र तर आयकॉन ओढून ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये टाकतो. एकाच कामाला तीन तऱ्हा कशाला? आणि थेट साइटवरून घेतलं तर बिघडतं काय?

उत्तर: खरा फरक आहे तो प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ऱ्या (अनेक प्रोग्रॅमना वापरता येणारे तयार कोडचे तुकडे) कोण सांभाळतं यात. विंडोजवर बहुतेक प्रोग्रॅम आपापल्या डीएलएल, म्हणजे विंडोजच्या लायब्ररी फाइली, सोबत घेऊन येतात, मॅकचं ॲप म्हणजे तर अख्खं फोल्डरच असतं म्हणून ते ओढून टाकलं की चालतं. उबंटूत व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेयर मागितला की ॲप्ट बघतं याला काय काय लागतं, त्यातलं मशीनवर आधीच काय आहे, आणि उरलेलं तेवढं आणतं, शिवाय पॅकेजची यादी डिजिटल सहीवरून तपासून घेतं. ही सोय उबंटू ज्यावरून बनलं त्या डेबियन लिनक्समधून आली, तिथं ॲप्ट 1999 पासून आहे.

याचा फायदा केवढा मोठा ते 2014 मध्ये दिसलं. ओपनएसएसएल या इंटरनेटवरची माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या लायब्ररीत हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं, तेव्हा डेबियन-उबंटूवाल्यांनी एक लायब्ररी अपडेट केली, सर्व्हिसेस रीस्टार्ट केल्या आणि ती वापरणारे सगळे प्रोग्रॅम एकदम दुरुस्त! ज्या प्रोग्रॅमनी स्वतःची कॉपी बाळगली होती त्यांचं मात्र एकेक वेगळं अपडेट आणावं लागलं. मला ॲप्ट आवडतं ते यासाठीच.

विंडोजला आता विंगेट हे ॲप्टसारखं साधन आहे, 2021 मध्ये त्याचं पहिलं पक्कं व्हर्जन आलं, पण ते बहुतेक वेळा कंपनीचाच इन्स्टॉलर उतरवून चालवतं. मॅकवर तसंच होमब्रू आहे, ते ॲपलचं नाही, स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये राहतं.

ॲप्टमध्ये व्हर्जन जुनं मिळतं ही तक्रार खरीये, कारण एलटीएसमध्ये (उबंटूची बरीच वर्षं सांभाळली जाणारी आवृत्ती) सहसा व्हर्जन तेच ठेवून फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या देतात. त्यावर उपाय म्हणून स्नॅप, फ्लॅटपॅक हे पॅकेजचे वेगळे प्रकार आले, ते पुन्हा लायब्ऱ्या सोबत आणतात. उबंटू 22.04 पासून तर ॲप्टने फायरफॉक्स मागितला तरी स्नॅपच येतो.

तेव्हा आधी ॲप्टमध्ये शोधा. साइटवरून डेब फाइल (उबंटूची इन्स्टॉल फाइल) घ्यायचीच असेल तर ती स्वतःची रिपॉझिटरी, म्हणजे ॲप्ट जिथून अपडेट आणतं तो साठा, जोडते का ते बघा, क्रोमची जोडते. नाही जोडली तर ॲप्ट अपग्रेड कितीही वेळा चालवा, तो प्रोग्रॅम आहे तिथंच राहणार.