पहिल्यांदाच पुढचा बंपर बदलताय? मग एवढं बघा

जमेल तुम्हाला, फक्त घाई नको. बंपर तुटतो तो धडकेत, पण नवशिक्याच्या हातून तुटतो तो ओढाताणीत. जोर लावूनही हलत नसेल तर कुठेतरी स्क्रू राहिलाय, हे नक्की समजा. बहुतेक वेळा तो चाकाच्या कमानीत, प्लॅस्टिकच्या अस्तरामागे दडलेला असतो. चाक पूर्ण वळवलं की दिसतो.

- सुरुवातीला बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.
- फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेला मास्किंग टेप लावा, नाहीतर रंगावर ओरखडा ठरलेला.
- बंपर धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिक क्लिपची मधली पिन आधी वर उचला, मग क्लिप काढा. तरी चार-पाच तुटतीलच, नव्या आणून ठेवा.
- बंपर सुटला की लगेच ओढू नका. फॉगलॅम्पच्या वायरी मागे लटकत असतात. इथे दुसरा माणूस हवाच.

जुना उतरला की आतला लोखंडी बीम नीट बघा. तो वाकला असेल तर नवा बंपर चढवू नका, आधी बीम बदला. नवा बंपर रंगवायचा असेल तर रंगवण्याआधी एकदा नुसता लावून बघा. मी ते टाळलं आणि रंगवलेला बंपर कानशी मारून बसवला! सगळे स्क्रू हाताने अर्धवट लावा, बंपर आणि बॉडीमधल्या फटी जुळल्या की मगच आवळा.