घरातल्या दोन संगणकांना दोन सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोहोचता येणारे पत्ते) हवे असतील तर

सर्वप्रथम राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर आपल्या घराला स्वतःचा असा एकही सार्वजनिक पत्ता मिळालेला नाही. कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देत आहे, आणि अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंगचाही (पत्त्यावरच्या ठरावीक क्रमांकावर, म्हणजे पोर्टवर, बाहेरून येणारी जोडणी राउटरने आतल्या संगणकाकडे वळवण्याचा) उपयोग होत नाही. त्या स्थितीत कंपनीकडे स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) मागावा लागतो, ज्याचे शुल्क सहसा वेगळे असते.

दोन आयपीव्ही४ (जुन्या, नेहमीच्या पद्धतीचे) पत्ते हवेत, तर कंपनीने दोन पत्ते देणे आवश्यक आहे. केवळ मोडेमपुढे स्विच लावून दोन्ही संगणक जोडल्याने दुसरा पत्ता आपोआप मिळत नाही, कारण बहुतेक घरगुती जोडण्यांवर एका वेळी एकच पीपीपीओई लॉगिन (कंपनीने दिलेले नाव आणि पासवर्ड वापरून होणारी जोडणी) चालते.

माझ्या मते मात्र आधी गरज तपासावी. दोन्ही संगणकांवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने पोहोचणे एवढाच हेतू असेल, तर एका सार्वजनिक पत्त्यावर दोन वेगळे पोर्ट पुरतात, आणि पोर्ट थेट उघडण्यापेक्षा राउटरवर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा कूटबद्ध खासगी मार्ग) ठेवणे कितीतरी सुरक्षित असते. खरोखर वेगळे पत्तेच हवेत, तर आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) सुरू करावे: घराला मिळणाऱ्या एका /६४ पट्ट्यातून (पत्त्यांच्या प्रचंड मोठ्या संचातून) प्रत्येक संगणकाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळतो. अशा वेळी राउटरचा आयपीव्ही६ फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी सोय) चालू आहे ना, हे आवर्जून पाहावे.