'यथा राजा तथा प्रजा' की 'ज्याचा प्रांत, त्याचा पंथ'?

प्रश्न असा आला आहे: 'युरोपच्या धर्मयुद्धांवरच्या एका मराठी लेखात "कुयुस रेगिओ, एयुस रेलिगिओ" या लॅटिन वचनाचं भाषांतर "यथा राजा तथा प्रजा" असं केलं होतं. हे बरोबर आहे का? आणि हे वचन १६४८च्या वेस्टफालियाच्या तहातलं आहे का?'

दोन्हींचं उत्तर नाही. पहिल्या 'नाही'मागचं कारण जास्त रंजक आहे, त्यामुळे आधी ते.

आपलं वचन मुळात एका श्लोकाचा शेवट आहे. चाणक्यनीतीत तो असा येतो: 'राज्ञि धर्मिणि धर्मिष्ठाः पापे पापाः समे समाः । राजानमनुवर्तन्ते यथा राजा तथा प्रजाः ॥' राजा सदाचारी असला तर लोक सदाचारी, पापी असला तर पापी, मधला असला तर मधले. लोक राजाच्या मागे जातात. इथे 'धर्म' शब्द आहे खरा, पण तो नीतीच्या अर्थाने. राजाने कुठल्या देवाची कशी उपासना करावी याच्याशी श्लोकाला देणंघेणं नाही. शिवाय हे निरीक्षण आहे, नियम नाही. लोक तसे वागतात एवढंच कवी सांगतो. वागले नाहीत तर काय करायचं, हे सांगत नाही.

लॅटिन वचन मात्र वकिलाच्या लेखणीतून उतरलं आहे. 'कुयुस' म्हणजे ज्याचा, 'रेगिओ' म्हणजे प्रदेश, 'एयुस' म्हणजे त्याचा, 'रेलिगिओ' म्हणजे धर्म किंवा पंथ. चार शब्द, क्रियापद नाही, आणि गंमत अशी की त्यात राजाही नाही आणि प्रजाही नाही. आहे ती जमीन, आणि जमिनीचा मालक. 'ज्याच्या हाती ससा तो पारधी' या आपल्या म्हणीचा साचा अगदी हाच आहे: जो-तो, आणि मध्ये मालकीची वस्तू. त्या वस्तूवर जी माणसं राहतात, त्यांचा उल्लेख करण्याची गरज वचनाला वाटलेली नाही. भाषांतरात 'प्रजा' आणली की हा थंडपणाच निघून जातो.

(व्युत्पत्तीने राजा मागच्या दाराने येतोच. 'रेगिओ' हा 'रेगेरे' या धातूपासून. त्याचा अर्थ सरळ रेषेत नेणं, शासन करणं. लॅटिनमधला राजा 'रेक्स' त्याच कुळातला, आणि आपले 'राजन्' आणि 'ऋजु' हेही त्यांचे भाऊबंद. 'रेगिओ'चा जुना अर्थ दिशा, रेषा, हद्द असा होता. उच्चारात काही जण 'रेजिओ' म्हणतात, तो चर्चच्या लॅटिनचा. जर्मन विद्यापीठांत 'ग' ऐकू येतो. दोन्ही चालतात.)

आता हे वचन जन्मलं कशातून? पवित्र रोमन साम्राज्य म्हणजे आजचा जर्मनी आणि आसपासचा मुलूख. त्यात शेकडो सत्ताधीश होते: ड्यूक, काउंट, सम्राट निवडण्याचा हक्क असलेले इलेक्टर, राज्य चालवणारे बिशप, मठाधिपती, स्वतंत्र नगरं. मराठीत त्यांना 'राजे' म्हटलं की चित्र बिघडतं. 'संस्थानिक' हा आपला शब्द त्यांना नेमका बसतो. वर सम्राट, खाली संस्थानिक, आणि कोणाचा हुकूम कुठवर चालतो यावर सतत कुरबुर. रोमच्या चर्चविरुद्ध उभा राहिलेला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याची शिकवण पसरली तशी ही कुरबुर लढाईवर आली. सम्राट पाचव्या चार्ल्सला साऱ्या साम्राज्यात एकच पंथ हवा होता. ते जमेना, तेव्हा त्याचा भाऊ फर्डिनांड याने २५ सप्टेंबर १५५५ रोजी आउग्सबुर्ग इथे तह केला. चार्ल्सला तो इतका नकोसा होता की त्याने त्यातून अंग काढून घेतलं आणि लवकरच राज्यत्यागही केला.

तहाचा गाभा असा: संस्थानिकाने कॅथलिक पंथ किंवा ल्यूथरचा पंथ, दोहोंतला एक निवडावा, त्याच्या मुलखात तोच चालेल. ज्याला तो मान्य नसेल त्याने मालमत्ता विकून, देणी भागवून, बायकामुलांसह दुसरीकडे जावं. हा निघून जाण्याचा हक्क प्रजेच्या वाट्याला आला, आणि तेवढाच आला. आज तो क्रूर वाटतो. पण ज्या काळात पाखंड्याला जाळत असत, त्या काळात 'जा' म्हणणं ही सवलतच होती.

तहाच्या मजकुरात मात्र आपले चार शब्द शोधून सापडणार नाहीत. ते काही दशकांनी ग्राइफ्सवाल्डचा कायदेपंडित योआखिम स्टेफानी याने तहाचं सार म्हणून बांधले. 'रेगिओ-रेलिगिओ' हे यमक इतकं चपखल बसलं की सूत्रच लक्षात राहिलं आणि तहातली कलमं, पळवाटा, अपवाद विसरले गेले.

अपवाद तर भरपूर होते. ल्यूथरनंतरचा सुधारक कॅल्व्हिन याचे अनुयायी, आणि बाप्तिस्मा मोठेपणीच घ्यावा असं मानणारे अनाबाप्टिस्ट, तहात धरलेलेच नव्हते. ज्या स्वतंत्र नगरांत दोन्ही पंथ नांदत होते तिथे दोन्ही तसेच राहायचे; खुद्द आउग्सबुर्ग त्यांतलंच. आणि राज्य करणाऱ्या बिशपने पंथ बदलला तर त्याला गादी सोडावी लागणार होती. म्हणजे त्याच्या बाबतीत 'ज्याचा प्रांत' हे सूत्र मुद्दाम बंद केलेलं होतं. कोलोनचा आर्चबिशप गेबहार्ड याने १५८२मध्ये पंथ बदलला, पुढच्या वर्षी आग्नेस फॉन मान्सफेल्डशी लग्न केलं आणि वर गादीही सोडेना. त्यावरून १५८८पर्यंत युद्ध चाललं आणि गादी बव्हेरियाच्या कॅथलिक घराण्याकडे गेली.

सूत्र अक्षरशः राबलं म्हणजे काय होई, हे हायडेलबर्ग राजधानी असलेल्या पॅलाटिनेट संस्थानात दिसतं. १५५६मध्ये गादीवर आलेल्या ओट्टहाइनरिखने मुलूख ल्यूथरपंथी केला. त्याच्यानंतर तिसरा फ्रेडरिक आला, त्याने तो कॅल्व्हिनच्या वाटेला लावला. १५७६मध्ये त्याचा मुलगा सहावा लुडविग आला आणि पुन्हा ल्यूथर. १५८३मध्ये लुडविग वारला, त्याचा भाऊ योहान कासिमिर कारभारी झाला आणि पुन्हा कॅल्व्हिन. सत्तावीस वर्षांत चार फेरे, आणि दर फेऱ्याला धर्मोपदेशकांची आणि प्राध्यापकांची हकालपट्टी. इथे कोणी 'यथा राजा तथा प्रजा' म्हणेल तर मी विचारेन, प्रजेने काय केलं असं तुम्हाला वाटतं? तिने राजाचं अनुकरण केलं नाही. तिच्या पायाखालच्या जमिनीचा पंथ बदलला.

उलट उदाहरण ब्रांडेनबुर्गचं. इलेक्टर योहान सिगिस्मुंड १६१३च्या नाताळात कॅल्व्हिनपंथी झाला. बर्लिनमध्ये दंगा उसळला, खुद्द त्याची बायको ल्यूथरपंथीच राहिली, आणि अखेर प्रजेवर आपला पंथ लादणार नाही असं त्याला मान्य करावं लागलं. राजा एकीकडे, प्रजा दुसरीकडे. फ्रान्समध्ये तर म्हण पूर्ण उलटी झाली. ह्युगनॉटांचा, म्हणजे फ्रान्समधल्या कॅल्व्हिनपंथीयांचा, पुढारी चौथा हेन्री गादीचा वारस होता, पण कॅथलिक पॅरिस त्याला दार उघडेना. १५९३मध्ये तोच कॅथलिक झाला. यथा प्रजा तथा राजा! फ्रान्सचं स्वतःचं घोषवाक्य 'एक राजा, एक श्रद्धा, एक कायदा' असं होतं. जर्मन सूत्राशी त्याची गल्लत करू नये. जर्मन संस्थानिक निदान 'जा' म्हणत होता. चौदाव्या लुईने १६८५मध्ये ह्युगनॉटांना उपासनेची मुभा देणारा नांतचा जाहीरनामा रद्द केला तेव्हा त्यांच्या पाद्र्यांना हाकललं आणि सामान्य ह्युगनॉटांना देश सोडायलाही बंदी केली.

मग भाषांतर काय करावं? 'रेलिगिओ'ला मी इथे 'धर्म' म्हणणार नाही. दोन्ही बाजू ख्रिस्ती होत्या आणि आपणच खरं ख्रिस्ती चर्च आहोत असा दोघींचा दावा होता. 'ज्याचा मुलूख त्याचा धर्म' वाचून मराठी वाचकाला वाटतं की कोणी ख्रिस्ती धर्म सोडून दुसरीकडे गेलं. 'पंथ' नेमका आहे. 'रेगिओ'ला 'मुलूख' छान आहे, पण 'प्रांत' घेतला तर यमकाची थोडी सावली मिळते: 'ज्याचा प्रांत, त्याचा पंथ'. प्रांतसाहेबांची आठवण होण्याचा धोका आहे, तो पत्करू. एक बारकावा उरतोच: लॅटिन 'कुयुस'मध्ये 'ज्याचा' आणि 'जिचा' दोन्ही येतात. क्वेडलिनबुर्गचं संस्थान मठाधिपती स्त्री चालवत असे, आणि तिथे ल्यूथरचा पंथ आणला तो आना फॉन श्टोलबर्ग हिनेच. मराठीत 'ज्याचा' म्हटलं की ती गळते. त्याला इलाज नाही.

गोव्याच्या संदर्भातही हे वचन कोणी कोणी वापरतं. पोर्तुगालच्या राजाच्या अमलात देवळं पाडली गेली, कुठ्ठाळीचा मंगेश १५६०मध्ये पोर्तुगीज हद्दीबाहेर प्रियोळला हलवला गेला, हे सगळं त्याच दशकांतलं. तिथे 'पंथ' नव्हे, 'धर्म' हाच शब्द हवा. पण आउग्सबुर्गचा करार साम्राज्यातल्या संस्थानिकांपुरता होता. पोर्तुगालच्या राजाचा त्याच्याशी संबंध नव्हता. तुलना म्हणून लिहावं, कारण म्हणून नको.

आता दुसरा प्रश्न. वेस्टफालियाच्या तहाने हे तत्त्व 'प्रस्थापित' केलं असं वाक्य स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत सर्रास दिसतं. झालं जवळजवळ उलट. तीस वर्षांच्या युद्धानंतर ऑक्टोबर १६४८मध्ये सह्या झाल्या तेव्हा कॅल्व्हिनपंथीयांनाही मान्यता मिळाली आणि १६२४ हे प्रमाण वर्ष ठरलं. त्या वर्षी जिथे जी उपासना चालू होती ती तिथे चालू राहायची, पुढे संस्थानिकाने पंथ बदलला तरी. म्हणूनच सॅक्सनीचा इलेक्टर आउगुस्ट १६९७मध्ये पोलंडच्या गादीसाठी कॅथलिक झाला तेव्हा सॅक्सनी ल्यूथरपंथीच राहिली. ओस्नाब्र्युकच्या बिशपच्या गादीचा निवाडा तर बघण्यासारखा आहे: तिथे एक कॅथलिक, त्याच्यानंतर एक ल्यूथरपंथी, अशी पाळी ठरवून दिली गेली.

तेव्हा वाक्य असं लिहावं: '"ज्याचा प्रांत, त्याचा पंथ" हे तत्त्व १५५५च्या आउग्सबुर्ग तहात आलं आणि १६४८च्या तहाने त्याला लगाम घातला.' 'यथा राजा तथा प्रजा' हे मराठीत ज्यासाठी वापरलं जातं, त्यासाठीच ठेवावं.