बुरशीचा नकाशा काढायचाय? आधी छेद शोध

प्रश्न : मी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ठरावीक प्रदेशांतच आढळणाऱ्या बुरशीजन्य आजारांच्या साथरोगशास्त्रात काम करायची इच्छा आहे. घरचे म्हणतात, एमबीबीएसशिवाय यात काही अर्थ नाही. एम.एस्सी. करू की थेट एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी)?

उत्तर : घरच्यांचं म्हणणं निम्मं खरं. रुग्ण तपासणं, औषध देणं हे डॉक्टरांचंच काम. पण आजार कुठे आहे आणि किती आहे, हे मोजायला मायक्रोबायॉलॉजिस्ट, संख्याशास्त्रज्ञ, पशुवैद्यक असे सगळेच लागतात. भारतात बुरशीच्या बाबतीत हे मोजणं बरंचसं बाकीच आहे.

हिस्टोप्लाझ्मा म्हटलं की गंगेचं खोरं, टॅलॅरोमायसिस मार्नेफाय म्हटलं की मणिपूर, स्पोरोथ्रिक्स म्हटलं की हिमाचल, असं या तीन रोगकारक बुरशींबद्दल तू वाचलं असशील. ते चूक नाही, पण नकाशावर ठिपका पडतो तो तपासणारी प्रयोगशाळा जिथे असते तिथे. अमेरिकेत नौदलात भरती झालेल्यांच्या त्वचाचाचणीवरून 1969 साली काढलेला हिस्टोप्लाझ्माचा नकाशा कित्येक दशकं चालला. नंतर रुग्ण त्या हद्दीबाहेरही सापडू लागले. आपल्याकडे ताप, घटतं वजन, सुजलेल्या गाठी दिसल्या की पहिला संशय टीबीचा. त्यात बायोप्सीचा सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला, की त्यातली बुरशी मरते आणि कल्चरचा, म्हणजे ती प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याचा, विषयच संपतो. एक भाग निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवायला हवा, एवढी साधी गोष्ट राहून जाते.

म्हणून माझं मत : आधी एम.एस्सी., तेही बुरशीचं काम खरोखर चालतं अशा विभागात, एमपीएच नंतर. हिस्टोप्लाझ्मा आणि टॅलॅरोमायसिस दोन्ही 25 अंशांना तंतुमय वाढतात, 37 अंशांना यीस्ट (एकपेशीय) होतात आणि पेशींच्या आत सारखेच बारीक दिसतात. फरक विभाजनात. हिस्टोप्लाझ्माला अरुंद मानेची कळी फुटते, टॅलॅरोमायसिसमध्ये मधोमध आडवी भिंत पडते. कल्चरमध्ये टॅलॅरोमायसिसचा लाल रंग माध्यमात उतरतो. हिस्टोप्लाझ्माची अँटिजेन चाचणी इतर काही बुरशींनाही पॉझिटिव्ह येते. हे हाताखालून गेलेलं नसेल, तर पुढे आकडेवारीतला खोटा रुग्ण ओळखता येणार नाही. (तंतुमय वाढलेली डिश उघड्यावर उघडायची नाही, बीजाणू श्वासात जातात. बायोसेफ्टी कॅबिनेटच हवं.)

प्रबंधासाठी मार्गदर्शकांच्या मदतीने, एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन, रुग्णालयातल्या जुन्या नोंदींची लाइन लिस्ट (एका रुग्णाला एक ओळ अशी यादी) कर. रकाने : लक्षणं सुरू झाल्याची तारीख, नमुन्याचा प्रकार, चाचणी, एचआयव्हीची स्थिती, व्यवसाय, सध्याचा पत्ता आणि आधी कुठे कुठे वास्तव्य होतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच रिकामा असतो. संसर्ग शरीरात वर्षानुवर्षं सुप्त राहून प्रतिकारशक्ती घटल्यावर उफाळू शकतो, त्यामुळे पत्ता एका राज्यातला आणि संसर्ग दुसऱ्या राज्यातला निघतो. एकाच रुग्णाचे तीन नमुने म्हणजे तीन रुग्ण, ही चूकही नेहमीची. आणि छेद, म्हणजे अपूर्णांकातला खालचा आकडा : एकूण किती नमुने बुरशीसाठी तपासले? तो आकडा नसेल, तर ‘रुग्ण वाढले’ असं लिहिता येत नाही. कदाचित तपासण्याच वाढल्या असतील.

सोबत आकडेवारीसाठी आर आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस ही सॉफ्टवेअर शिकून घे. दोन्ही मोफत आहेत. पीएच.डी.चा विचार असेल तर सीएसआयआर-यूजीसी नेट दे. प्रशिक्षणासाठी चंदिगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेचा मायकॉलॉजी (बुरशीशास्त्र) विभाग पाहा. रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह तिथेच आहे. साथरोगशास्त्रासाठी चेन्नईची राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था. एमपीएचची पात्रता मात्र संस्थेगणिक बदलते, काही ठिकाणी आरोग्यशाखेचीच पदवी लागते. माहितीपत्रकातली ती ओळ शुल्काच्या आधी वाच.

एम.एस्सी.चा अर्ज भरण्याआधी विभागात तीन गोष्टी विचार : बुरशीचं कल्चर चार ते सहा आठवडे ठेवतात का, 25 आणि 37 अंशांचे वेगळे इन्क्युबेटर आहेत का, आणि निगेटिव्ह नमुन्यांची नोंद जपतात का.