दुप्पट थंडी म्हणजे नेमके किती अंश?

प्रश्न : काल तापमान १० अंश सेल्सिअस होते, आज ते ५ अंश आहे. मग आज कालच्या दुप्पट थंडी आहे, असे म्हणता येईल का? आणि तापमान शून्य अंश असताना दुसऱ्या दिवशी दुप्पट थंडी पडली, तर ते किती होईल?

उत्तर : नाही, तसे म्हणता येणार नाही. एखादी गोष्ट किती पट आहे हे सांगायचे, तर मापनश्रेणीतले शून्य हे त्या गोष्टीच्या अभावाचे शून्य असावे लागते. लांबी किंवा वजन यांचे ते तसे असते, सेल्सिअसचे नसते, कारण ते पाण्याच्या गोठणबिंदूवर सोयीसाठी ठेवलेले आहे. आपली तापमाने फॅरनहाइटमध्ये लिहिली, तर ती ५० आणि ४१ होतात आणि ‘निम्मे’पण तिथेच संपते. अँडर्स सेल्सिअस यांनी तर १७४२ साली गोठणबिंदूला १०० आणि उत्कलनबिंदूला शून्य मानले होते (ही मांडणी पुढे उलटी करण्यात आली), म्हणजे त्या मूळ श्रेणीवर कालचे तापमान ९० आणि आजचे ९५ ठरले असते!

खरे शून्य केल्व्हिन श्रेणीत आहे. ते उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला येते. या श्रेणीवर कालचे तापमान २८३.१५, तर आजचे २७८.१५ केल्व्हिन भरते, म्हणजे घट दोन टक्क्यांहूनही कमी. शून्य अंश सेल्सिअसचे निम्मे करायचे, तर उणे १३६.६ अंशांच्या आसपास जावे लागेल. अंटार्क्टिकातील व्होस्टोक केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी नोंदले गेलेले पृथ्वीवरचे नीचांकी तापमानही उणे ८९.२ अंशच होते. हे उत्तर भौतिकशास्त्राच्या दृष्टीने चोख असले, तरी प्रश्नकर्त्याला अभिप्रेत असलेली थंडी ही नव्हे.

अंगाला जाणवणारी थंडी शरीरातून उष्णता किती वेगाने बाहेर जाते यावर ठरते, आणि वारा व कपडे तेच राहिले, तर हा वेग ढोबळमानाने त्वचा आणि हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो. त्वचेचे तापमान ३३ अंश धरल्यास काल हा फरक २३ होता, आज २८ आहे. म्हणजे थंडी सव्वापटीपेक्षा थोडी कमीच वाढली. शून्य अंशाला फरक ३३ असतो, त्याची दुप्पट ६६, म्हणून ‘दुप्पट थंडी’ उणे ३३ अंशांना पडेल. थंडीत त्वचाही गार होत असल्याने हे गणित अंदाजापुरतेच, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उत्तर हेच.

एरवी ‘तापमान ५ अंशांनी उतरले’ असे लिहिणे उत्तम. मात्र हा फरक फॅरनहाइटमध्ये सांगताना त्यात ३२ मिळवू नयेत, ही चूक सर्रास होते: ५ अंश सेल्सिअस हे तापमान ४१ अंश फॅरनहाइट असते, परंतु ५ अंशांची घट ही ९ अंश फॅरनहाइटचीच असते.